फिपेच्या गालावरची चार बोटं

१

मंगळवारी सकाळी लोपेती मास्तर फिपेला माझ्या दवाखान्यात घेऊन आले, तेव्हा तिनं डावा गाल शाळेच्या वहीनं झाकून घेतला होता. मास्तर दारातच थांबले. आत येईनात आणि परतही जाईनात.

"सिस्टर, मी काही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण बघून घ्या. आणि बघितलंत की लिहून ठेवा."

मी वही हळूच बाजूला केली. आठ वर्षांच्या त्या पोरीच्या गालावर चार बोटं उठली होती. लालभडक, फुगलेली, एकाशेजारी एक, हनुवटीपासून कानाकडे गेलेली.

"कुणी मारलं गं?" मास्तरांना राहवलं नाही.

"कुणी नाही."

"सगळी पोरं हेच सांगतात," मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, आणि शाळेची घंटा झाल्याचं निमित्त करून निघून गेले.

हाआपाईच्या बेटांवर आमचं हाउमा गाव केवढंसं! एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. मी इथं एकतीस वर्षं नर्स आहे. डॉक्टर महिन्यातून एकदा बोटीनं येतात, एरवी सगळा कारभार माझा. फिपे माझ्याच हातावर जन्मली. तिची आई सेइनी दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. बाप कितिओने एवढे दिवस एकटाच होता. चार महिन्यांपूर्वी त्यानं दूर उत्तरेकडच्या निउआ बेटावरची लेसिएली लग्न करून आणली. सावत्र आई आणि पोरीच्या गालावर बोटं. गावाला तिसरी गोष्ट लागत नाही.

अर्ध्या तासात लुपे येऊन थडकली. लुपे म्हणजे कितिओनेची थोरली बहीण, फिपेची आत्या. आमच्यात आत्याचा मान सगळ्यात मोठा. तिच्या डोक्याला हात लावायचा नाही, तिचं उष्टं खायचं नाही आणि तिचा शब्द मोडायचा नाही. ती राजधानीत राहते, चर्चच्या बैठकीसाठी आठवड्यापूर्वीच आली होती. शाळेत आम्ही दोघी एका बाकावर होतो, त्यामुळे मला ती अजून शाळेतल्यासारखीच दटावते.

सकाळी वेणी घालताना फिपेनं झाकून ठेवलेला गाल तिनं आता पहिल्यांदा पाहिला. मग आम्ही मानाची म्हणून कंबरेला गुंडाळतो ती विणलेली चटई तिनं घट्ट केली.

"झालं. आता मला कुणी काही समजावू नका. शनिवारी दोनच्या बोटीनं पोरीला मी घेऊन जाणार. आणि त्या बाईनं पुढच्या बोटीनं आपलं निउआ गाठावं."

फिपे माझ्या झग्याला घट्ट चिकटली.

२

मी आधी दवाखान्याचं रजिस्टर काढलं. गेल्या सात आठवड्यांत फिपे चार वेळा आली होती. गालाला आणि मानेला पुरळ, खाज, थोडं पाणी झरतंय. दर वेळी मी मलम दिलं होतं आणि दर वेळी ते पाचसहा दिवसांत बसलं होतं. बोटांचा आकार मात्र यापूर्वी एवढा स्पष्ट कधी दिसला नव्हता. तारखांपुढचे वार बघितले. सोमवार, मंगळवार, सोमवार, सोमवार.

"बघ!" लुपे माझ्या खांद्यावरून वाचत होती. "सोमवारी ती बाई कपडे धुते. पोर शाळेतून येते, हिचं डोकं तापलेलं असतं, आणि मग..."

"गेल्या महिन्यात तू राजधानीत तपासणी करवली होतीस ना हिची?"

"केली की. हातावर सुया टोचल्या. अंडं, मासा, खेकडा, शेंगदाणे, सगळ्याचे थेंब घातले. अर्धा तास बसवून ठेवलं. काही उठलं नाही. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी नाही."

"काय म्हणाले नीट आठव. ॲलर्जी नाही म्हणाले, की खाण्याची ॲलर्जी नाही म्हणाले?"

"दोन्हीत काय फरक आहे?"

फरक बराच होता. काहीतरी खाल्लं आणि घटकाभरात अंगभर गांधी उठल्या, दोनचार तासांत जिरल्या, ही एक जात. ती सुईच्या तपासणीत पकडता येते. दुसरी जात निराळी. कातडीला काहीतरी लागतं आणि जिथं लागलं तिथंच उठतं, तेही सावकाश. ती या सुईला सापडत नाही. चोर एका गावात आणि झडती दुसऱ्या गावात, असं झालं होतं.

मी फिपेला खिडकीपाशी उजेडात बसवलं. भिंग घेतलं. बोटांच्या जागी बारीक बारीक पाण्याचे फोड होते.

"दुखतंय का खाजतंय?"

"खाजतंय."

"लुपे, थापडेचा वळ दुखतो. खाजत नाही आणि त्यातून पाणीही झरत नाही. हिला कुणी मारलेलं नाही."

लुपेला सुटल्यासारखं वाटलं नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "मग सेइनीच आहे."

"काय?"

"तेलेसिया, तू औषधं देतेस म्हणून आवांगा होत नाही असं नाही. मेलेल्याचं मन इकडे अडकलं, की जिवंताच्या अंगावर उठतं. नवी बाई घरात आली, पोर तिच्या मागे मागे फिरायला लागली. आईला कसं सहन होईल? आईचा हात आहे तो."

फिपेनं हे ऐकलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती मान खाली घातली, जणू तिला हे आधीच ठाऊक होतं.

मला राग आला, पण मी तो हातात घेतलेल्या मोजपट्टीत घातला. एकेका बोटाची रुंदी मोजली. माझा हात तिच्या गालाजवळ धरला. माझी दोनच बोटं चारांची जागा खाऊन टाकत होती.

"सेइनीचे हात एवढे छोटे नव्हते, लुपे."

मग मी फिपेचा स्वतःचाच डावा हात उचलला आणि तिच्या गालापाशी नेला. चारही बोटं बरोब्बर बसली.

फिपेनं हात झटकन मागे घेतला आणि पाठीशी लपवला.

३

कितिओनेच्या घरी गेले तेव्हा लेसिएली टपात कपडे घासत होती. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. मला बघून उभी राहिली, हात पुसले, पण बसा म्हणायचं विसरली.

"वन्सं म्हणतात मी मारलं," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला अजून काही वाटत नाही. तो साबण दे."

तिनं साबणाची वडी माझ्या हातावर ठेवली. मग अंघोळीचा साबण, फिपेच्या कंबरेच्या चटईचा एक धागा, शिंपल्यांच्या माळेचा लोखंडी आकडा, असं मी एकेक गोळा केलं. लुपेच्या ट्रंकेतलं केसांचं क्रीमसुद्धा सोडलं नाही.

"माझं कशाला?" लुपे फणकारली.

"तू आल्यापासून रोज तिच्या वेण्या घालतेस ना?"

"मी आठ दिवसांपूर्वी आले. पुरळ सात आठवड्यांचं आहे."

"मग तुला भ्यायचं कारण नाही."

कितिओने अंगणात जाळं शिवत बसला होता. माणूस भला, पण बहिणीपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते.

"सोमवारी काय काय होतं घरात?" मी विचारलं.

"काय होणार? शाळा, कपडे, जेवण. मी बोटीवर."

"शनिवारी लुपे तिला घेऊन जाणार म्हणते."

"ती थोरली बहीण आहे, सिस्टर. ती म्हणेल ते मला करावं लागेल."

"आणि लेसिएली कोण आहे?"

त्याची सुई जाळ्यात अडकली ती निघेचना.

निघताना मी लेसिएलीला बाजूला घेतलं. "तुला काही सांगायचं आहे?"

 तिला काहीतरी माहीत होतं, हे मला दिसत होतं.

"मी तिला कधी मारलं नाही," एवढंच ती म्हणाली. "बाकीचं माझं नाही, सिस्टर. दुसऱ्याचं आहे. ते मला सांगता येणार नाही."

दुपारी मी फिपेला पालथं झोपवलं. मी तरुणपणी दोन वर्षं ऑकलंडला लहान मुलांच्या कातडीच्या वॉर्डात होते. तिथल्या एक डॉक्टरीणबाई सहा महिन्यांनी इकडे येतात, त्यांनी तपासणीच्या पट्ट्यांचा एक डबा माझ्याकडे ठेवला आहे. लसींच्या शेजारी, फ्रिजमध्ये. कातडीला वारंवार डाचणाऱ्या वस्तू त्यात थेंबथेंब बसवलेल्या असतात. धातू, रबर, डिंक, रंग, सुगंध. खरं तर गाल शांत झाल्यावरच पट्ट्या लावायच्या, पण पाठ स्वच्छ होती आणि बोट कुणासाठी थांबणार नव्हती. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, लाव.

तिच्या पाठीवर एका बाजूला डब्यातल्या पट्ट्या लावल्या, दुसऱ्या बाजूला घरातून आणलेल्या वस्तू. साबण तेवढा पुष्कळ पाण्यात पातळ करून. तसाच लावला तर तो कुणाच्याही पाठीला चावेल.

"शनिवारपर्यंत पाठ भिजवायची नाही. समुद्रात जायचं नाही. पळायचं नाही, घाम येता कामा नये."

"चर्चमध्ये बसल्यासारखं?"

"अगदी तसंच."

 फिपे उशीत तोंड घालून म्हणाली, "यातून कळतं का, कोण रागावलंय ते?"

"नाही गं. तुझ्या कातडीला काय चालत नाही, एवढंच कळतं."

"चालत नाही म्हणजे ते वाईट असतं?"

"मला कालवं चालत नाहीत. खाल्ली की ओठ सुजतात. म्हणून कालवं वाईट का? सगळं गाव मिटक्या मारत खातं."

तिनं यावर बराच विचार केला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. पण ती झोपून गेली.

४

गुरुवारी दुपारी पट्ट्या काढल्या. लुपे मांडीवर हात घेऊन न्यायाधीशासारखी समोर बसली होती.

साबण स्वच्छ. अंघोळीचा साबण स्वच्छ. चटई, आकडा, क्रीम, सगळ्यांच्या जागी नुसती पाठ.

"म्हणजे साबण सुटला?"

"साबण सुटला आणि साबण लावणारीही सुटली."

डब्यातल्या पट्ट्यांकडे वळले. पंधरा चौकोन शांत होते. सोळावा लाल झाला होता, बोट फिरवलं तर उंचवटा लागत होता. मी यादी पाहिली. सुगंध. अत्तरं, फुलांचे अर्क यांचं मिश्रण.

"घरात सुवासिक काय आहे, लुपे?"

"माझं क्रीम. तेही तू सोडून दिलंस."

गुन्हेगाराची जात कळली होती, घर सापडत नव्हतं. मी त्या लाल चौकोनाकडे बघत राहिले. मंगळवारी दुपारी लावला तेव्हा काही नव्हतं. बुधवारी फिपे म्हणाली, काही होत नाही. आज गुरुवारी लाल. दोन दिवस.

मी कपाळावर हात मारून घेतला. एकतीस वर्षं नर्स, ऑकलंडचा वॉर्ड पाठ, आणि तरी सगळ्यांसारखी मीही सोमवारच तपासत बसले होते! पुरळ सोमवारी दिसत होतं. सोमवारी, मंगळवारी दिसत होतं म्हणजे लागत होतं शनिवारी.

"लुपे, शनिवारी दुपारी घरात कोण असतं?"

"कुणी नाही. गेल्या शनिवारी मीही बैठकीत होते. कितिओने रविवारच्या जेवणासाठी कंद खणायला मळ्यात जातो. ती बाई बायकांबरोबर चर्च झाडायला जाते. फिपे अंघोळ करते."

"एकटी?"

"एकटीच."

मी फिपेचा सदरा खाली ओढला, तिला समोर उभं केलं आणि विचारलं, "शनिवारी अंघोळ झाली, की तू कुठं बसतेस, बाळ?"

 खिडकीतून रस्त्यापलीकडं तिचं घर दिसत होतं, आणि तिचे डोळे तिच्या नकळत घराच्या मागच्या सिमेंटच्या पाण्याच्या टाकीकडे गेले.

लुपेला दवाखान्यातच बसवून मी फिपेचा हात धरून तिकडं गेले. टाकीच्या मागे पोवळ्याचा एक मोठा दगड होता, दगडाखाली बिस्किटांचा डबा आणि डब्यात कापडात गुंडाळलेली बाटली. खोबरेल तेलाची, फुलं घालून केलेली. ती बाटली मी ओळखली. सेइनी रविवारी चर्चच्या गाण्यात पहिल्या रांगेत उभी राहायची, तेव्हा या तेलाचा घमघमाट शेवटच्या बाकापर्यंत यायचा.

"आई मला असं करायची," फिपे म्हणाली. तिनं चार बोटं तेलात बुडवल्यासारखी केली आणि हनुवटीपासून कानापर्यंत हळूच ओढली.

बोटांना काही झालं नव्हतं, कारण तळहाताची कातडी जाड. गालाची पातळ.

"आई गेल्यापासून दर शनिवारी लावतेस?"

तिनं मान हलवली.

दोन वर्षं. म्हणजे शंभर शनिवार. मी बाटली उजेडात धरली.

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. मेलेली माणसं बाटल्या भरत नाहीत.

५

लेसिएली घरात चटई विणत होती. मी बाटली तिच्यापुढे ठेवली. मला वाटलं होतं ती घाबरेल. ती उठून आधी दारात गेली आणि फिपे ऐकत नाही ना, ते पाहून आली.

"तिला कळलं का?"

"काय?"

"की मी भरते. सिस्टर, पाया पडते, तिला कळू देऊ नका."

मग तिनं सांगितलं. लग्न होऊन आठवडाच झाला होता. झाडू घ्यायला ती टाकीमागे गेली, तेव्हा फिपे तिथं बसलेली दिसली. बाटलीत दोन बोटं तेल उरलं होतं. पुढच्या महिन्यात एक बोट. मग एका शनिवारी लेसिएली चर्चमधून लवकर आली, तर पोर बाटली तळहातावर उलटी धरून थेंबाची वाट बघत बसली होती.

"किती वेळ बसली होती, सिस्टर. हलवायचीसुद्धा नाही. जणू हलवलं तर वाया जाईल." लेसिएलीनं विणायचे धागे उगाच सारखे केले. "मी तेल करायला बसले. सेइनीचं होतं हेइलालाच्या फुलांचं. त्या फुलांचा हंगाम नव्हता. मग मोहोकोईची फुलं घातली, उन्हात ठेवलं, वास घेऊन बघितला. जमेना. फेकून दिलं. तिसऱ्या खेपेला थोडंफार जमलं. थोडं थोडं भरायचे, तिच्या लक्षात येऊ नये म्हणून. मग हात सैल झाला, जास्त भरलं गेलं."

"लुपे तुझ्यावर थापडेचा आळ घेत होती, तेव्हा का बोलली नाहीस?"

"सांगितलं असतं तर पोरीची आई दुसऱ्यांदा गेली असती." ती सहज बोलून गेली, जणू यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. मग तिनं कपाळाला आठी घातली. "पण तेलाचा काय संबंध? ती शनिवारी लावते. पुरळ येतं सोमवारी."

मी तिला सांगितलं. दोन दिवसांचं. सुगंधाच्या चौकोनाचं. ती बोटांवर मोजत गेली. शनिवार, रविवार, सोमवार. मग सात आठवडे मागे गेली. तिसऱ्या खेपेचं तेल भरल्यावर काही दिवसांनी पहिलं पुरळ.

तिची बोटं थांबली.

"म्हणजे वन्सं खरं बोलत होत्या," ती म्हणाली. "माझ्याच हातानं झालं."

संशयाची खात्री करून घेतल्याशिवाय मी रजिस्टरमध्ये काही लिहीत नाही. त्या तेलाचा एकेक थेंब पट्टीवर घेऊन मी चार ठिकाणी चिकटवला. एक फिपेच्या पाठीवर, एक माझ्या दंडावर, एक लेसिएलीच्या. चौथी पट्टी घेऊन लुपेकडे गेले.

"आता मला कशाला?"

"न्याय करायला बसली आहेस ना? हात दे."

दोन रात्री मला धड झोप लागली नाही. पट्टीचा निकाल मला जवळजवळ ठाऊकच होता. खरं सांगितलं, तर लुपे एका वाक्यात लेसिएलीला बोटीवर चढवील. शिवाय फिपेला कळेल, की आईचं तेल केव्हाच संपलं. आणि खोटं मला सांगता येत नाही. या वयात शिकणंही कठीण.

६

शनिवारी दहा वाजता सगळे दवाखान्यात जमले. लुपेची ट्रंक आणि फिपेची छोटी पिशवी सकाळीच धक्क्यावर गेली होती. कितिओने दाराशी उभा होता, टोपी हातात पिळत.

मी आधी माझी पट्टी काढली. दंड स्वच्छ. लेसिएलीची काढली. स्वच्छ. लुपेनं आपली स्वतःच ओढून काढली आणि उजेडात दंड फिरवून फिरवून पाहिला. तिथंही काही नव्हतं.

फिपेच्या पाठीवरची पट्टी काढली. तेवढाच गोल लाल, फुगलेला, कडेला बारीक फोड. गालावर होतं तस्संच.

"हे तेल," मी बाटली टेबलावर ठेवली. "यातला फुलांचा वास फिपेच्या कातडीला चालत नाही. विष असतं तर आपल्या चौघींना उठलं असतं. यात कुणाचा हात नाही, जिवंताचा नाही आणि मेलेल्याचाही नाही. कातडी एखाद्या वस्तूशी वैर धरते. का धरते, ते कातडीलाच ठाऊक. यापुढे सुगंधी तेल, साबण, पावडर तिला लावायची नाही. एवढंच औषध."

लुपेनं बाटलीकडे पाहिलं. तिनंही ती ओळखली. "ही सेइनीची." मग तिनं ती उचलून हलवली, आणि तिच्या डोळ्यांत तोच प्रश्न आला जो माझ्या डोळ्यांत आला होता. लुपे शाळेत गणितात माझ्यापुढे होती. "हे तेल कुणी केलं?"

मी श्वास घेतला. पण मला बोलावं लागलं नाही.

"मी केलं, वन्सं," लेसिएली म्हणाली.

 लुपे उठायला लागली. त्याच वेळी टेबलामागून फिपे म्हणाली, "मला माहीत होतं."

सगळे तिच्याकडे वळले. सदरा अजून अर्धा वर गुंडाळलेला, गालावर मलमाचा पांढरा पट्टा.

"काय माहीत होतं?" मी विचारलं.

"आईच्या तेलाला हेइलालाचा वास होता. ते संपलं. नंतरचं मोहोकोईचं आहे. लेसिएली तुमच्या दवाखान्यामागची फुलं तोडत होती, ते मी पाहिलं."

लेसिएलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मग लावत का राहिलीस गं?" लुपेचा आवाज पहिल्यांदाच मऊ आला होता.

"तिनं माझ्यासाठी केलं होतं म्हणून." फिपे आत्याकडे न बघता, टेबलाच्या कडेशी बोलत होती. "मला आवडायचं. मग गालावर उठलं. मला वाटलं, मी दुसऱ्या कुणाचं तेल लावते म्हणून आई रागावली. मी एका शनिवारी नाही लावलं. पण मग लेसिएलीला वाईट वाटलं असतं. बाटली तशीच राहिली असती ना. म्हणून परत लावलं."

"आणि सांगितलं का नाहीस कुणाला?"

"तू म्हणाली असतीस, तिनं विष घातलं."

लुपे जिथं होती तिथंच परत बसली. एवढी मोठी बाई, पण त्या खुर्चीत एकदम लहान दिसायला लागली.  मग तिनं फिपेला जवळ ओढलं.

"इकडे बघ. तुझी आई आणि मी सहा वर्षं एका रांगेत गायलो. मी सूर चुकले की गुरुजी ओरडायचे, आणि तुझी आई हसायची. माझ्यावर रागाव म्हटलं तरी तिला रागावता यायचं नाही. एकदा मी तिची नवी छत्री हरवली. आठ दिवस तिला कसं सांगू म्हणून झुरत होते. सांगितलं, तर म्हणाली, बरं झालं, मला तो रंग आवडत नव्हता." लुपेनं नाक पुसलं. "आवांगाचं मी बोलले ते चुकलं माझं. सेइनी कुणाच्या गालावर उठणारी नव्हती. तिला कुणी एवढं तेल करून दिलं असतं, तर तिनं त्या बाईला मिठी मारली असती."

मग ती भावाकडे वळली. "कितिओने, उभा काय राहिलास खांबासारखा? धक्क्यावरून पोरीची पिशवी परत आण. माझी ट्रंक राहू दे तिथं."

कितिओनेला मी एवढ्या वर्षांत पळताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

लुपे लेसिएलीपुढे जाऊन उभी राहिली. लेसिएलीनं वाकून नमस्कारासाठी मान खाली घातली, तर लुपेनं तिची हनुवटी धरून वर केली आणि आपलं नाक तिच्या गालाला टेकवलं. घरच्या माणसाला टेकवतात तसं, डोळे मिटून, पूर्ण श्वास घेऊन.

"नुसतं खोबरेल चालेल ना पोरीला?" तिनं माझ्याकडे न बघताच विचारलं.

"चालेल. फुलं न घातलेलं."

"ऐकलंस ना, लेसिएली? मी राजधानीहून नारळ नाही पाठवणार. तुझं तूच कर."

दोनची बोट लुपेला एकटीला घेऊन गेली.

७

पुढचे तीन सोमवार मी मुद्दाम शाळेच्या फाटकाशी जाऊन फिपेचा गाल पाहिला. स्वच्छ. मास्तर दुरून हात करायचे आणि लाजून आत जायचे.

चौथ्या सोमवारी दुपारी ती दवाखान्यात आली. गालावर काही नव्हतं. गुडघा मात्र चांगलाच फुटला होता, सदऱ्याची बाही फाटलेली, केसांत पाचोळा. फणसाच्या झाडावर चढली होती म्हणे.

मी जखम धुवायला घेतली तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. "फिपे! कुठं तडमडलीस? शंभरदा सांगितलं झाडावर चढू नकोस म्हणून! घरी ये, मग बघतेच तुझ्याकडे! हात मोडला असता म्हणजे?"

मी खिडकीतून पाहिलं. लेसिएली ओल्या हातांनी, कंबरेची चटई सावरत, तरातरा येत होती. चार महिन्यांहून जास्त दिवस झाले तिला गावात येऊन, पण तिचा आवाज चढलेला आम्ही कुणी ऐकला नव्हता. आज सगळं हाउमा ऐकत होतं. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी मान वर केली, तिला जाऊ दिलं आणि पुन्हा आपल्या गप्पांना लागल्या.

"फार रागावलीय ती," मी फिपेला म्हटलं.

"हो ना!" फिपे म्हणाली, आणि गुडघ्याला आयोडीन लागत असतानाही तिचं हसू काही मावेना.